ढगातला संगणक आणि वळवणचे पाणी

लोणावळा-खंडाळा परिसरातील पंधरा-वीस हॉटेलांच्या खोल्यांची नोंदणी सांभाळणारे एक व्यावसायिक आमच्या परिचयाचे आहेत. त्यांचा सर्व्हर, म्हणजे सगळ्या नोंदी साठवून इतर संगणकांना पुरवणारा मुख्य संगणक, त्यांच्याच कचेरीत एका कपाटात होता. तो जुना झाला तेव्हा त्यांनी आम्हाला विचारले, "नवा विकत घेऊ, की सगळे क्लाउडवर टाकू? विकणारे दोघेही आपलेच बरोबर म्हणतात. चुकलो तर पावसाळ्याचा हंगाम हातचा जाईल."

प्रश्न एका व्यवसायाचा असला तरी तो आज शाळा, पतसंस्था, दवाखाने आणि कारखाने या सर्वांपुढे आहे. त्याचे उत्तर आवडीनिवडीने नव्हे, तर थोड्या गणिताने शोधता येते.

प्रथम 'क्लाउड' म्हणजे काय ते पाहू. नाव ढगाचे असले तरी हे संगणक जमिनीवरच असतात. मोठ्या इमारतींत हजारो संगणक मांडलेले असतात. त्यांना वीज आणि थंडावा अखंड पुरवला जातो. इंटरनेटवरून त्यांची शक्ती तासाच्या हिशेबाने भाड्याने मिळते. मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये पुण्यात, अ‍ॅमेझॉनने २०१६ मध्ये मुंबईत आणि गूगलने २०१७ मध्ये मुंबईत अशी केंद्रे सुरू केली.

गिरणीचे इंजिन

अशी निवड करण्याची वेळ आपल्यावर पहिल्यांदाच आलेली नाही. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी मुंबईच्या कापडगिरण्या स्वतःच्या वाफेच्या इंजिनांवर चालत. प्रत्येक गिरणीचा बॉयलर वेगळा, कोळसा वेगळा, इंजिनाची देखभाल करणारी माणसेही वेगळी. मग टाटांनी मावळातील पावसाचे पाणी लोणावळा, वळवण आणि शिरवता येथे अडवले. १९११ मध्ये लोणावळ्यात कामाची पायाभरणी झाली. हे पाणी घाटाखाली सुमारे पाचशे मीटर उतरवून खोपोलीच्या केंद्रात वीज तयार होऊ लागली आणि १९१५ मध्ये ती मुंबईला पोचली. गिरणीमालकांपुढे तेव्हा हाच प्रश्न होता : शक्ती स्वतः निर्माण करायची, की दुसऱ्याकडून तारेवरून घ्यायची?

सामायिक केंद्र स्वस्त का पडते? सगळ्यांची गरज एकाच वेळी शिखराला पोचत नाही म्हणून. कचेऱ्यांना वीज दिवसा लागते, घरच्या दिव्यांना रात्री. दोघांसाठी एकच जनित्र पुरते. संगणकाचेही तसेच आहे.

साडेतीन पटींचे गणित

आमच्या परिचितांचे उदाहरण सोप्या आकड्यांत मांडू. आठवड्याचे तास १६८. शुक्रवारी व शनिवारी दुपारी बारापासून रात्री बारापर्यंत, म्हणजे एकूण २४ तास, नोंदणीसाठी झुंबड उडते. त्या वेळी ६ एकक संगणकशक्ती लागते असे धरू. उरलेल्या १४४ तासांत १ एकक पुरते.

स्वतःचा सर्व्हर घ्यायचा तर तो झुंबडीला पुरेल एवढा, म्हणजे ६ एककांचा हवा. तो आठवडाभर ६ × १६८ = १००८ एकक-तास उपलब्ध राहील. प्रत्यक्ष वापर मात्र (१ × १४४) + (६ × २४) = २८८ एकक-तास. १००८ ला २८८ ने भागले तर उत्तर ३.५ येते. याचा अर्थ, भाड्याच्या एकक-तासाचा दर स्वतःच्या यंत्राच्या साडेतीन पटींपर्यंत असला तरी भाड्याने घेण्यात तोटा नाही.

आता तळेगाव परिसरातील, तिन्ही पाळ्यांत सारखाच चालणारा एखादा कारखाना घ्या. तेथे शिखर आणि सरासरी जवळजवळ एकच, म्हणून हे गुणोत्तर १ च्या आसपास येते. तेथे दर थोडा जास्त असला तरी भाडे महाग पडेल. स्वतःच्या बाजूच्या खर्चात यंत्राच्या किमतीबरोबर वीज, वातानुकूलन, बॅटऱ्या आणि जाणकार माणसाचा पगारही धरायला हवा. तो विसरला की गणित चुकते.

तार तुटली तर?

लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. झाडे पडतात, दरडी कोसळतात, वीज जाते, केबल तुटते. समजा, इंटरनेटची एक जोडणी ९९ टक्के वेळ चालू असते. ऐकायला हे छान वाटते. पण वर्षाच्या ८७६० तासांचा एक टक्का म्हणजे ८७.६ तास, साडेतीन दिवसांहून जास्त!

दुसरी जोडणी घेतली तर? दोन्ही एकाच वेळी बंद असण्याची संभाव्यता ०.०१ × ०.०१ = ०.०००१, म्हणजे वर्षाला सुमारे ५३ मिनिटे. मात्र हा गुणाकार दोन घटना परस्परांपासून स्वतंत्र असतील तरच चालतो. दोन्ही केबली एकाच खांबांवरून गेल्या असतील तर एकच झाड दोन्ही तोडील. कंपन्या दोन असून भागत नाही. मार्ग दोन हवेत.

सर्व्हर वापरणारी माणसे कोठे आहेत हेही पाहावे लागते. हॉटेलची खोली शोधणारे मुंबई-पुण्यात बसलेले असतात. सर्व्हर लोणावळ्याच्या कचेरीत असेल आणि तार तुटली, तर सगळ्यांचीच नोंदणी थांबते. तो क्लाउडवर असेल तर लोणावळ्याचा गल्ला तेवढा अडतो. नोंदणी चालू राहते. कारखान्यात उलट स्थिती असते. वापरणारे सगळे आवारातच असतात. त्यांचे काम बाहेरच्या तारेवर अवलंबून ठेवण्यात धोका आहे.

विजेची उपमा येथे संपते

इथपर्यंत संगणकशक्ती विजेसारखी वागली. पण एक मोठा फरक आहे. वीज वापरली की संपते. गिरणीचे काहीही खोपोलीत उरत नसे. सर्व्हरवर मात्र आपले हिशेब आणि ग्राहकांच्या नोंदी साठून राहतात. वस्तू व सेवा कराच्या कायद्यानुसार हिशेब वार्षिक विवरणाच्या मुदतीपासून ७२ महिने जपावे लागतात. म्हणून 'स्वस्त काय' याच्या बरोबरीने 'किल्ली कोणाकडे' हाही प्रश्न येतो.

जुलै २०२५ मध्ये युरोपीय संघाने नायरा एनर्जी या भारतातील तेलकंपनीवर निर्बंध घातले. त्यानंतर मायक्रोसॉफ्टने तिच्या सेवा थांबवल्या. पैसे भरलेले असूनही कंपनीला आपल्याच माहितीपर्यंत पोचता येईना. तिने दिल्ली उच्च न्यायालयात धाव घेतली आणि त्याच महिन्यात सेवा पुन्हा सुरू झाल्या. पण लहान व्यावसायिकाने कोठे धाव घ्यायची?

मग सर्व काही घरी ठेवले की सुरक्षित? तसेही नाही. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेच्या एटीएम-सर्व्हरमध्ये शिरकाव करून चोरांनी सुमारे ९४ कोटी रुपये लांबवले. उलट जुलै २०२४ मध्ये अनेक लहान बँकांना सामायिक सेवा पुरवणाऱ्या सी-एज या कंपनीवर हल्ला झाला, तेव्हा सुमारे ३०० बँकांचे देयक-व्यवहार एकदम अडले. एकट्याच्या यंत्रणेवर पहारा अपुरा पडू शकतो आणि सामायिक यंत्रणेतील एक बिघाड अनेकांना भोवतो.

आम्ही काय सांगितले?

यंत्र आणि माहिती यांचा निर्णय वेगवेगळा करावा, असे आम्ही सुचवले. झुंबडीची नोंदणी भाड्याच्या संगणकावर चालवावी. तेथील सर्व नोंदींची एक प्रत मात्र रोज रात्री स्वतःच्या कचेरीतील डिस्कवर उतरवावी, आणि तीही अशा स्वरूपात की दुसऱ्या आज्ञावलीतही ती उघडेल. दर तीन महिन्यांनी त्या प्रतीवरून सर्व नोंदी परत उभ्या करून पाहाव्या. पहिल्या चाचणीत त्यांच्या प्रतीतील मागच्या दोन महिन्यांच्या नोंदी उघडल्याच नाहीत. हे हंगामापूर्वी कळले, म्हणून निभावले.

वर्गासाठी उपक्रम : शाळेतील वीज व इंटरनेट कधी गेले, किती वेळ गेले याची नोंद विद्यार्थ्यांना महिनाभर ठेवायला सांगा. दोन्ही जोडण्यांची टक्केवारी काढा. दोन्ही एकाच वेळी किती वेळ बंद होत्या ते प्रत्यक्ष मोजा आणि गुणाकाराने आलेल्या उत्तराशी ताडून पहा. फरक आढळला तर तो का, हे विद्यार्थ्यांनाच शोधू द्या.