बिअर

बिअर : माल्ट केलेल्या धान्याचा, मुख्यत्वे सातूचा, पाण्यात अर्क काढून, त्यास हॉप वनस्पतीच्या फुलांनी कडवटपणा आणून व यीस्टच्या साहाय्याने किण्वन (आंबविण्याची क्रिया) घडवून तयार केलेले, ऊर्ध्वपातन न केलेले मद्य. त्यात सामान्यतः घनफळाच्या ४ ते ८ टक्के एथिल अल्कोहॉल असते.

इतिहास : मेसोपोटेमिया व ईजिप्त येथे बिअर प्राचीन काळापासून प्रचारात होती. हामुराबीच्या संहितेत (इ. स. पू. अठरावे शतक) मद्यगृह चालविणाऱ्या स्त्रियांसाठी नियम आढळतात. बव्हेरियात १५१६ मध्ये सातू, हॉप व पाणी यांखेरीज अन्य घटक वापरण्यास मनाई करण्यात आली. यीस्टचे कार्य त्या वेळी अज्ञात होते. ते पुढे लुई पाश्चर यांच्या संशोधनाने स्पष्ट झाले आणि १८८३ मध्ये कोपनहेगन येथील कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एमिल हान्सेन यांनी शुद्ध यीस्ट वेगळे केले. भारतात एडवर्ड डायर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास कसौली येथे बिअरचा कारखाना काढला.

निर्मिती : सातू भिजवून मोड आणतात व नंतर वाळवितात, यास माल्ट म्हणतात. मोड येताना निर्माण झालेली एंझाइमे, भरडलेला माल्ट गरम पाण्यात कालविला असता, स्टार्चचे शर्करेत रूपांतर करतात. गाळून मिळालेला गोड द्रव हॉपसह उकळतात, थंड करतात व त्यात यीस्ट मिसळतात. यीस्ट शर्करेपासून अल्कोहॉल व कार्बन डाय-ऑक्साइड तयार करते. माल्ट जितका अधिक भाजावा तितका बिअरचा रंग गडद होतो. म्हणून केवळ रंगावरून तिच्या तीव्रतेचा अंदाज बांधता येत नाही.

प्रकार : वर्गीकरणाचा मुख्य आधार यीस्ट हा होय. (१) एल : हिचे किण्वन सु. १५° ते २४° से. तापमानास होते व यीस्ट पृष्ठभागी जमते. हिला फळांसारखा गंध असतो. जर्मन पद्धतीच्या गव्हाच्या बिअरमधील केळी व लवंग यांची आठवण करून देणारा वास यीस्टपासूनच येतो. भाजलेल्या धान्याची काळसर स्टाउट व हॉपचे प्रमाण अधिक असलेली इंडिया पेल एल हे हिचेच प्रकार होत. दुसरीचे नाव भारतात धाडल्या जाणाऱ्या ब्रिटिश बिअरवरून पडले. (२) लागर : हिचे किण्वन सु. ७° ते १३° से. तापमानास होते, यीस्ट तळाशी बसते आणि नंतर बिअर शीत जागी मुरवितात. पिल्सेन येथे १८४२ मध्ये तयार झालेली फिकट सोनेरी पिल्सनर ही लागरच होय. भारतातील बाटलीबंद बिअर बहुतांशी लागर असते.

महाराष्ट्रातील उद्योग : नवी मुंबईलगतच्या तळोजा औद्योगिक वसाहतीत युनायटेड ब्रुअरीज या कंपनीचा मोठा कारखाना आहे. छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) हेही या उद्योगाचे प्रमुख केंद्र आहे. बिअरचा बहुतांश भाग पाणीच असतो. शिवाय धुणे, थंड करणे इ. कामांमुळे कारखान्यात एक लिटर बिअरमागे कित्येक लिटर पाणी लागते. मराठवाड्यातील २०१६ च्या दुष्काळात मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने मद्य उद्योगांच्या पाण्यात ६० टक्क्यांपर्यंत कपात करण्याचा आदेश दिला. पिण्याचे पाणी आधी की उद्योगाचे, हा प्रश्न त्यामुळे ठळकपणे पुढे आला.

थोड्या प्रमाणात, निरनिराळ्या शैलींची बिअर गाळणाऱ्या मायक्रोब्रुअऱ्या राज्यात २००९ नंतर वाढल्या. पुण्यात त्या वर्षी सुरू झालेली ‘डूलाली’ ही त्यांतील आद्य संस्थांपैकी एक होय. हा शब्द नासिकजवळील देवळाली छावणीच्या नावावरून इंग्रजीत रूढ झाला आहे. डोंबिवली येथील गेटवे ब्रुइंग कंपनी याच परंपरेतील आहे.

निवड : मायक्रोब्रुअरीतील बिअर बहुधा पाश्चरीकृत नसते; त्यामुळे ताजेपणा व शीतसाखळी यांना महत्त्व असते. कोकणपट्टीच्या उष्ण व दमट हवेत ती लवकर बिघडते. ओल्या पुठ्ठ्यासारखा वास जुनेपणाचे, तर लोण्यासारखा वास अपुऱ्या मुरवणीचे वा अस्वच्छ नळ्यांचे लक्षण असू शकते. उन्हाने हॉपमधील घटकांचे विघटन होऊन दुर्गंध येतो. म्हणून तपकिरी बाटली हिरव्या वा पारदर्शक बाटलीपेक्षा बरी. प्रथमच चव घेणाऱ्यास कमी कडवट गव्हाची बिअर वा पिल्सनर रुचण्याचा संभव अधिक असतो. स्टाउट व इंडिया पेल एल यांची गोडी सवयीने लागते.

निवडीत अल्कोहॉलचे प्रमाण पाहणे सर्वांत महत्त्वाचे होय. भारतीय मानकांनुसार ५ टक्क्यांपर्यंतची बिअर सौम्य व त्यावरील ८ टक्क्यांपर्यंतची तीव्र गणतात. ६५० मिलि. च्या ८ टक्के तीव्रतेच्या बाटलीत ५२ मिलि. अल्कोहॉल असते, ४२·८ टक्के तीव्रतेच्या व्हिस्कीच्या ३० मिलि. च्या चार मापांत जवळजवळ तेवढेच असते. ‘बिअर म्हणजे दारू नव्हे’ हा समज त्यामुळे चुकीचा व वाहनचालकाच्या दृष्टीने घातक ठरतो. अल्कोहॉल कर्करोगकारक असल्याचे आंतरराष्ट्रीय स्तरावर मान्य झाले आहे. महाराष्ट्रात बिअर पिण्यासाठी किमान वय २१ वर्षे असून १९४९ च्या दारूबंदी अधिनियमान्वये परवाना आवश्यक आहे.