आज्ञार्थ, आज्ञावली आणि प्राथमिक शाळा

बंगळूरच्या पीण्या औद्योगिक क्षेत्रात भारतीय अंतराळ संशोधन संस्थेचे 'इस्ट्रॅक' हे केंद्र आहे. अंतराळयानांना आदेश धाडणे हे त्याचे एक प्रमुख कार्य होय. २७ ऑगस्ट २०२३ रोजी चांद्रयान-३ च्या 'प्रज्ञान' या फिरत्या गाडीपुढे ३ मीटरांवर ४ मीटर व्यासाचे विवर आले, तेव्हा आल्या वाटेने माघारी फिरण्याचा आदेश तिला देण्यात आला. यंत्राला अशी वाट दाखविणे लहान मुलांनाही शिकविता येते, हा विचार मात्र अर्धशतकाहून जुना आहे.

१९६७ मध्ये अमेरिकेत वॉलेस फर्झाइग, सेमूर पॅपर्ट आणि सिंथिया सॉलोमन यांनी मुलांसाठी 'लोगो' ही संगणकभाषा सिद्ध केली. पुढे तीत एक 'कासव' आले. मूल सांगेल तसे ते चालते, वळते आणि मागे रेघ सोडते. समभुज त्रिकोणाचा कोन ६० अंशांचा, म्हणून मूल कासवाला ६० अंश वळावयास सांगते. आकृती मिटत नाही. अर्धा षट्कोन तेवढा उमटतो. मग ते स्वतः जमिनीवर चालून पाहते आणि वळण बाहेरच्या कोनाचे, म्हणजे १२० अंशांचे हवे, हे त्यास उमगते. चुकीचे कारण शोधणे हाच येथे खरा पाठ होय.

भाषाभ्यासकांच्या दृष्टीने या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. 'लोगो'त आज्ञा आधी व संख्या नंतर येते: 'फॉरवर्ड १००'. मराठी मूल 'शंभर पावले पुढे जा' असे म्हणते. आज्ञार्थी क्रियापद शेवटी येते. अटीसाठी 'जर–तर' आणि पुनरावृत्तीसाठी 'जोपर्यंत–तोपर्यंत' या जोड्या त्याच्या बोलण्यात आधीच रुळलेल्या असतात. केवळ शब्द बदलून 'पुढे १००' केल्यास परकी रचना तशीच राहते. मग मूल अडखळले ते तर्कात की वाक्यरचनेत, हे शिक्षकास कळत नाही आणि भाषेची अडचण बुद्धीच्या खाती जमा होते.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने आज्ञालेखनाचे उपक्रम सहावी ते आठवीच्या स्तरावर सुचविले आहेत, तसेच शक्य तेथे किमान पाचवीपर्यंत मातृभाषेतून शिक्षण द्यावे असे म्हटले आहे. या दोहोंचा एकत्र विचार केल्यास पाचवीपर्यंतचा काळ पूर्वतयारीचा ठरतो. एका मुलाने कासव व्हावे, दुसऱ्याने आज्ञा द्यावी, तिसऱ्याने ती फळ्यावर लिहावी. संगणकाची गरज नाही. पीण्यासारख्या बहुभाषिक वसाहतीतही हे साधेल, कारण कन्नड, तेलुगू, हिंदी वा मराठी, कोणतीही भाषा घेतली तरी सामान्यतः क्रियापद शेवटीच येते.