गेमिंगसाठी नेट घेताय? स्पीड नाही, पिंग बघा!

सोलापुरात घरून काम सुरू केलं तेव्हा मी 200 एमबीपीएसचा फायबर प्लॅन घेतला, सहा महिन्यांचे पैसे आधीच भरून. स्पीड टेस्ट झकास, पण रात्री व्हॅलोरंटमध्ये पिंग 90! शेजारच्या मित्राचा प्लॅन फक्त 50 एमबीपीएसचा, कंपनी दुसरी, आणि पिंग 15.

असं का? स्पीड म्हणजे सेकंदाला किती डेटा येतो. पिंग म्हणजे डेटा सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला लागणारे मिलिसेकंद. फायबरमधून प्रकाश एका मिलिसेकंदात साधारण 200 किमी जातो. व्हॅलोरंटचा सर्व्हर मुंबईत, म्हणजे सोलापूरहून सुमारे 400 किमी. जाऊन-येऊन 4 मिलिसेकंद पुरायला हवेत. ट्रेसराउट चालवून पाहिलं, तर माझा डेटा चेन्नईला वळसा घालून मुंबईला जात होता. त्यात रात्रीची गर्दी.

अंदमानचंच बघा. तिथलं नेट उपग्रहावर चालायचं तेव्हा जाण्या-येण्यातच जवळपास अर्धा सेकंद जायचा. 2020 मध्ये चेन्नईहून समुद्राखालून सुमारे 2,300 किमीची केबल आली आणि रस्ताच बदलला.

म्हणून कनेक्शन घेण्याआधी एवढं करा:

1. त्याच कंपनीचं नेट असलेल्या शेजाऱ्याकडे रात्री 9 ते 11 मध्ये गेममधला पिंग बघा.
2. वायफायवर नको, लॅन केबल लावून बघा.
3. पिंग सतत वर-खाली होतोय का, पॅकेट लॉस दिसतोय का, तेही तपासा. स्थिर 30 हा उड्या मारणाऱ्या 15 पेक्षा बरा.
4. पहिला प्लॅन एकाच महिन्याचा घ्या. माझ्यासारखं अडकू नका!