नको म्हणता न येणारी मुळं

पर्थ शहरालगत, स्वान नदीच्या काठच्या टेकडीवर किंग्ज पार्क आहे. त्यातलं वनस्पती उद्यान 1965 साली खुलं झालं. पश्चिम ऑस्ट्रेलियाची रानफुलं तिथे जपली जातात, आणि त्यांची रोपं वाढवण्यात खरं कसब खत आवरण्याचं आहे.

नैऋत्य ऑस्ट्रेलियाची जमीन अतिशय जुनी. ना अलीकडच्या हिमयुगांत ती खरवडली गेली, ना तिच्यावर ज्वालामुखीची ताजी राख पडली. लाखो वर्षांच्या पावसाने तिच्यातलं स्फुरद धुऊन नेलं. उरली वाळू आणि जांभा. तरीही या टापूत वनस्पतींच्या सात हजारांहून अधिक जाती नांदतात.

त्यांतली मानाची बँक्सिया. पावसाळी हिवाळ्यात तिच्या मुळांवर बारीक मुळ्यांचे दाट झुबके फुटतात. झुबका उपटून पाहावा, तर वाळूचे कण त्याला घट्ट चिकटलेले असतात. त्याचं आयुष्य काही आठवड्यांचंच. तेवढ्यात तो सायट्रेटसारखी द्रव्यं सोडतो, आणि लोह व ॲल्युमिनियमने जखडलेलं स्फुरद मोकळं करून शोषून घेतो. पान गळण्यापूर्वी झाड त्यातलं बहुतेक स्फुरद माघारी ओढतं. बी मात्र उदारपणे भरलेलं असतं. कोवळं रोप सुरुवातीला या शिदोरीवरच वाढतं. त्याला आपण भरवायची गरज नसते.

इतक्या टंचाईत घडलेल्या मुळांना भरल्या ताटावरून उठणं जमत नाही. मातीत स्फुरद वाढलं तरी यांतल्या अनेक जातींना शोषण पुरेसं आवरता येत नाही. वनस्पतीशास्त्रज्ञ हान्स लांबर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बँक्सियाच्या कुळातल्याच हेकियावर हे तपासून दाखवलं आहे. मग जुन्या पानांच्या कडा करपतात, कोवळी पानं पिवळी पडतात. पिवळेपणा पाहून माळी आणखी खत घालतो, आणि रोप जातं. आपल्याकडच्या डीएपीच्या गोणीवर 18:46 लिहिलेलं असतं; त्यातला 46 हा आकडा स्फुरदाचा. बँक्सियाच्या पिशवीत ते चिमूटभरही नको. कोंबडखतही नको.

म्हणून तिथले रोपवाटिकावाले भरड वाळू आणि कुजवलेल्या सालीचं, पाणी न धरणारं मिश्रण वापरतात. त्यात हळूहळू विरघळणारं, नत्र बेताचं आणि स्फुरद अगदी कमी असलेलं खत घालतात. पण ‘देशी रोपांना खत नको’ असा सरसकट नियम करणंही मला पटत नाही. त्याच प्रदेशातला कांगारू पॉ खताला चांगला प्रतिसाद देतो. जात ओळखल्याशिवाय खताचा डबा उघडू नये.

पाचगणीला दिसणारा सिल्व्हर ओक बँक्सियाच्याच कुळातला, पूर्व ऑस्ट्रेलियाच्या जंगलातून आलेला. तो तिच्याइतका हळवा नाही, पण मुळांचे झुबके त्यालाही येतात. हाताशी भरपूर स्फुरद असलं की असे झुबके धरणं कमी होतं. त्याच्या रोपांच्या पिशव्या भरताना मातीत डीएपी मिसळण्याची घाई करू नये.