डांबराची पंगत

लग्नाची पंगत बसली आहे. भात वाढून झाला आहे, वरणाची बादली अजून आचाऱ्यापाशीच आहे, आणि तूप वाढणारा चिरंजीव पंगतीच्या दुसऱ्या टोकाला मामांशी गप्पा मारीत उभा आहे! वाचकहो, हे दृश्य आपण सर्वांनी पाहिले आहे. भात निवतो, यजमान घामाघूम होतो, आणि कोणीतरी काका मांडवात उभे राहून "अरे वरण, वरण!" म्हणून ओरडतात. ओरडण्याने वरण लवकर येते असे मात्र मी अजून पाहिलेले नाही.

आमच्या नांदगाव पेठेवरून जो राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ५३ जातो, तो अमरावती ओलांडून अकोल्याकडे निघतो. त्या अकोल्याकडच्या अंगाला २०२२ च्या जूनमध्ये अशीच एक पंगत बसली होती. फक्त भाताच्या जागी डांबर होते. ३ जूनला सकाळी ७ वाजून २७ मिनिटांनी काम सुरू झाले आणि ७ जूनला संध्याकाळी ५ वाजता संपले. मध्ये खंड नाही. १०५ तास ३३ मिनिटांत एकेरी पट्टीचा ७५ किलोमीटर डांबरी थर अंथरला गेला. दुपदरी हिशेबाने साडेसदतीस किलोमीटर रस्ता झाला. पुण्याच्या राजपथ इन्फ्राकॉन कंपनीने राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणासाठी हे काम केले, सल्लागार धरून ७२० माणसे त्यावर खपली, आणि गिनेस बुकाने त्याची नोंद घेतली. त्यापूर्वीचा विक्रम कतारमधील दोहाचा होता. २०१९ सालच्या त्या कामात सव्वापंचवीस किलोमीटरला दहा दिवस लागले होते.

आता विक्रम म्हटला की आपण टाळ्या वाजवतो आणि पान उलटतो. विक्रम मोडण्यासाठीच असतात. परंतु हाच रस्ता त्याआधी कित्येक वर्षे अर्धवट पडला होता, हे आम्हा वऱ्हाडकरांना चांगले ठाऊक आहे. अकोल्याला मुलगी दिलेल्या माणसाला त्या खड्ड्यांचा पाढा पाठ होता. ऊन तेच, गिट्टी तीच, हात राबणारेही बहुधा तसेच. मग कित्येक वर्षे न होणारी गोष्ट पाच दिवसांत कशी झाली? उपजीविकेसाठी डझनभर माणसांकडून काम करून घेणाऱ्या माझ्यासारख्याला हा प्रश्न सोडवेना. तो मी कागद-पेन्सिल घेऊन सोडवू लागलो.

हिशेब मोठा गमतीचा निघाला. ७५ किलोमीटर भागिले १०५ तास, म्हणजे मिनिटाला जवळजवळ बारा मीटर. साधारण एका बैठ्या घराची लांबी! त्यासाठी लागलेले मिश्रण ३६,६३४ टन. टिप्पर वीस टनांचा धरला तर दर साडेतीन मिनिटांनी एक भरलेला टिप्पर रस्त्यावर हजर हवा. दिवसा, मध्यरात्री, पहाटेच्या झोपेच्या वेळीसुद्धा.

आणि हे मिश्रण म्हणजे पंगतीतल्या वरणाहून नाजूक. प्लँटमध्ये गिट्टी आणि डांबर तापवून कालवतात ते दीडशे अंशांच्या आसपास. टिप्परवर ताडपत्री टाकून ते धावत आणायचे. खालच्या थरावर आधी डांबराचा पातळ हात फिरवलेला असतो. त्यावर पेव्हर नावाचे यंत्र मिश्रण सारख्या जाडीने पसरते, आणि मागून रोलर दाबत येतात. मिश्रण निवण्याआधी दाबले तर रस्ता होतो. निवल्यावर दाबले तर नुसती दगडांची रास. पेव्हर मध्येच थांबला की जेथे थांबला तेथे सांधा पडतो, आणि पुढे कित्येक वर्षे त्या ठिकाणी गाडी उचकी देते. म्हणजे प्लँटवाल्याची चूक रोलरवाल्याला भोवते, आणि रोलरवाला बिचारा प्लँटपासून कितीतरी कोसांवर असतो! दोघे एकमेकांचे तोंडही पाहत नाहीत.

अशा कामात ओरडणाऱ्या काकांचा उपयोग शून्य. खरे काम आधी झालेले असते. गिट्टी फोडून, चाळून, ढीग लावून ठेवायची. यंत्रे तेल-पाणी करून उभी करायची. खालचे थर तर त्याहून आधीच घातलेले हवेत, कारण हा विक्रम वरच्या थराचा होता. तोही रोहिणीच्या उन्हात, मृग अगदी दाराशी आला असताना. पाऊस पडता तर सारा डाव ओला झाला असता. पाच दिवसांचे काम पाच दिवसांत होते ते अशा तयारीमुळे. वर्तमानपत्रात मात्र पाच दिवसच छापून येतात.

आणखी एक आकडा मला फार आवडला. त्या एवढ्या ढिगात निव्वळ डांबर होते २,०७० टन. शंभरांत साडेपाच भागच! बाकी सारा दगड. आमच्या कचेऱ्यांतून काही साहेब लोक स्वतःला रस्ता समजतात, त्यांना हे प्रमाण एकदा दाखवावे. डांबर जास्त झाले तर रस्ता उन्हात पाझरतो आणि चाकाला चिकटतो. कमी झाले तर गिट्टी सुटते.

गाडगेबाबा आमच्याच जिल्ह्यातले. गावात आले की ते आधी खराटा हाती घेत, कीर्तन रात्री. पुढाऱ्याने स्वतः हात घालावा याचे हे उदाहरण आपण नेहमी देतो आणि ते खरेच आहे. पण त्यातून काहींनी भलताच अर्थ काढला आहे. ते प्रत्येकाच्या हातातला खराटा हिसकावून घेतात, आणि बाकीची माणसे हात बांधून पाहत बसतात. बाबांच्या मागे गाव झाडू लागे, ही अर्धी गोष्ट त्यांच्या ध्यानात राहत नाही.

हे सारे मी का घोळवीत बसलो ते सांगतो. नांदगाव पेठेच्या औद्योगिक वसाहतीत एका कापड कारखान्याचे फोल्डिंग खाते या वर्षी माझ्याकडे आले. विणून आलेले कापड तपासायचे, घडी घालायची, गठ्ठे बांधायचे. पाच बाया, सात बाप्ये. मी आलो तेव्हा तपासणीच्या टेबलावरच्या दोघी अनुभवी बाया दिवाळीनंतर काम सोडण्याच्या बेतात होत्या. त्यांच्यावाचून खाते म्हणजे चष्म्यावाचून आजोबा. कारण विचारले तर कळले, की कापड परत आले की बोलणी त्यांना बसत. दोष मागावर पडलेला. सापडला नाही म्हणून गुन्हेगार तपासणारी!

माग थांबून पुन्हा सुरू झाला की कापडावर आडवी रेघ उमटते. पेव्हरच्या सांध्याची ही सख्खी बहीण. अशा रेघा पाळी बदलताना अधिक येत होत्या. त्यांची चिठ्ठी कचेरीत जाई, कचेरीतून दुसऱ्या दिवशी विणकाम खात्यात, आणि तोवर शंभर-दीडशे मीटर कापड तसेच विणून होई. मी चिठ्ठीची वाट बदलली. रेघ दिसली की तपासणारीने थेट जॉबरकडे जायचे, तेव्हाच. जाणाऱ्या पाळीने येणाऱ्या पाळीबरोबर पंधरा मिनिटे मागापाशी उभे राहायचे. त्या मिनिटांचा पगार मी भांडून मिळवला.

पहिला आठवडा खडाजंगीचा गेला. पुरुषांच्या शेडमध्ये बाईने येऊन चूक दाखवायची, हे काहींना रुचले नाही. मी जॉबरला बोलावून विचारले, कोणत्या पाळीतला कोण माणूस माग बंद पाडतो? म्हातारा जॉबर हसला.

"साहेब, माग कोनं बंद पाडला थे नका पाहू. काहून बंद पडला थे पाहा!"

कारण निघाले ते असे, की पाळी संपताना बाण्याच्या कोनांची गाडी येत नसे. गाडीवाला चहाला जात नव्हता, त्याला दोन शेड एकट्याने सांभाळाव्या लागत होत्या. वरणाची बादली आचाऱ्यापाशी अडली होती, आणि आम्ही वाढप्यांना रागावत होतो. आता त्याच्या हाताखाली एक पोरगा दिला आहे.

रेघा कमी झाल्या आहेत, गेलेल्या नाहीत. दोघींपैकी एकीने राजीनाम्याचा कागद परत नेला. दुसरी मात्र जाणार. तिच्या मुलाला पुण्यात नोकरी लागली आहे आणि ती त्याच्याकडे राहायला जाते आहे. तोवर रोज दुपारच्या पाळीत ती एका नव्या मुलीला शेजारी उभी करून, कापडावर हात कसा फिरवायचा ते शिकवते आहे.