अडखळणारी चित्रफीत

संगणकावर चित्रफीत पाहताना आवाज पुढे जातो, चित्र मात्र अडखळते. अशा वेळी नवा संगणक घेण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. तो घाईचा आहे. 'फोर-के' चित्रफितीच्या एका चौकटीत ३८४० × २१६०, म्हणजे सुमारे ८३ लाख बिंदू असतात आणि सेकंदाला बहुधा २४ ते ६० चौकटी दाखवाव्या लागतात. ही प्रचंड माहिती दाबून साठवलेली असते. पाहताना ती क्षणोक्षणी उलगडावी लागते. हा भार एकट्या मुख्य प्रोसेसरवर पडला की तो मागे पडतो. वास्तविक, ग्राफिक्स चिपमध्ये याच कामासाठी बहुधा स्वतंत्र यंत्रणा असते. म्हणून व्हीएलसीसारख्या प्लेअरच्या सेटिंगमध्ये 'हार्डवेअर डिकोडिंग' प्रथम सुरू करून पाहावे. मात्र २०१३ साली आलेली एचईव्हीसी पद्धत त्याआधीच्या चिपांना ठाऊकच नसते. तेव्हा तीच चित्रफीत १९२० × १०८० बिंदूंची, एच.२६४ पद्धतीची करून घ्यावी. बिंदू एक चतुर्थांश उरतात. लहान पडद्यावर तो फरक फारसा जाणवतही नाही.