त्रैराशिक जेथें थांबतें

एका किलो ज्वारीचा भाव ठाऊक असला कीं पांच किलोंचा भाव सांगण्यास विद्यार्थ्यास क्षणभरही लागत नाहीं. हें त्रैराशिक आपण इतक्या लहानपणीं शिकतों कीं, जगांतील सर्व राशि याच नियमानें वाढतात असा आपला ग्रह होऊन बसतो. भास्कराचार्यांनीं शके १०७२ (इ. स. ११५०) मध्यें रचिलेल्या 'सिद्धांतशिरोमणी'च्या 'लीलावती' या भागांत त्रैराशिकाची थोरवी गाइली आहे. परंतु त्याच आचार्यांनीं 'बीजगणित' या भागांत वर्गसमीकरणांकरितां 'मध्यमाहरण' नांवाचें स्वतंत्र प्रकरण लिहिलें. कारण कांहीं राशि त्रैराशिकास जुमानीत नाहींत. अशा राशींची ओळख करून द्यावी, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

आपल्या मराठवाड्यांत पाण्याची चिंता कोणास नाहीं? इ. स. २०१६ च्या एप्रिलांत मिरजेहून लातुरास आगगाडीनें पाणी आणावें लागलें, हें पालकांस स्मरत असेलच. काळ्या खडकांत खोदलेल्या एखाद्या विहिरींत पाणी किती खोल गेलें आहे, हें पाहण्यासाठीं आपण खडा टाकतों व आवाज येईपर्यंतचा वेळ मोजतों. खडा पहिल्या सेकंदांत सुमारें ५ मीटर पडतो. मग आवाज दोन सेकंदांनीं आला तर पाणी १० मीटरांवर असेल काय? तसें समजून कोणी १० मीटर दोर आणील, तर त्याची घागर अर्ध्यावरच लोंबत राहील. कारण पाणी सुमारें २० मीटर खोल असतें. पडणाऱ्या खड्याचा वेग सारखा वाढत जातो. म्हणून खोली वेळेच्या प्रमाणांत न वाढतां वेळेच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते. सेकंदांच्या वर्गास ५ नें गुणिलें कीं मीटरांतील खोली मिळते. अशा संबंधास वर्गात्मक फलन म्हणतात.

आतां चौकटींचा कागद घ्यावा. आडव्या अक्षावर वेळ व उभ्या अक्षावर खोली मांडावी. ०, १, २, ३ या सेकंदांसमोर ०, ५, २०, ४५ हे बिंदु येतात. ते एका सरळ रेषेंत बसत नाहींत. त्यांतून जाणारी रेषा आरंभीं जवळजवळ आडवी असते व पुढें उभी चढत जाते. ऋण संख्येचा वर्गही धनच असल्यामुळें डाव्या बाजूसही तशीच रेषा निघते. या संपूर्ण आकृतीस अन्वस्त व तिच्या सर्वांत खालच्या टोंकास शिरोबिंदु म्हणतात. वर्गाच्या पदास ऋण चिन्ह असेल तर अन्वस्त उलटें होतें. तिरप्या फेकलेल्या चेंडूची कमान जवळजवळ अशीच असते.

या आलेखाचा खरा धडा मात्र विहिरीपेक्षां रस्त्यावर अधिक मोलाचा आहे. नांदेडहून लोहा, अहमदपुरावरून लातुरास जाणारी एखादी मोटार सेकंदास १० मीटर, म्हणजे ताशीं ३६ किलोमीटर, वेगानें चालली आहे असें समजूं. समोर मूल आलेलें पाहून चालकाचा पाय ब्रेकवर पडण्यास एक सेकंद लागला, तर तेवढ्यांत १० मीटर जातात. ब्रेक लागल्यावर वेग सेकंदास ५ मीटरांनीं कमी होत गेला, तर गाडी आणखी १० मीटरांनीं थांबते. एकूण २० मीटर. आतां वेग दुप्पट करा. पहिलें अंतर दुप्पट, म्हणजे २० मीटर होतें. पण ब्रेकनंतरचें अंतर वेगाच्या वर्गानें वाढत असल्यामुळें चौपट, म्हणजे ४० मीटर होतें. एकूण ६० मीटर! त्रैराशिकानें आपण ४० मीटरांची अपेक्षा केली होती. ५० मीटरांवर उभें असलेलें मूल त्रैराशिकाच्या हिशेबानें वांचतें, प्रत्यक्षांत वांचत नाहीं. रस्ता ओला असला तर हें अंतर आणखीही वाढतें.

विद्यार्थिमित्रहो, हे आंकडे घेऊन वेग व अंतर यांचा आलेख स्वतः काढून पहा आणि तो घरीं वडील मंडळींसही दाखवा. वक्ररेषेचा चढ एकदां डोळ्यांनीं पाहिला म्हणजे 'थोडासाच वेग वाढविला' या बोलण्याचा अर्थ काय होतो, तें निराळें सांगावें लागत नाहीं.